जेवलेल्यांची नावं

प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी आलं. तपास यंत्रणेची पत्रकं आमच्या जळगावच्या डेस्कवर एका ठरावीक साच्यात येतात. आधी कारवाई, मग कलमं, मग जप्त वस्तू, शेवटी ‘पुढील तपास सुरू आहे’. त्या दिवशीच्या पत्रकात शिरपूरच्या एका स्वतंत्र पत्रकाराला बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, अटक झाल्याचं होतं. जप्त वस्तूंत लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा आणि पुस्तकं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की आरोपीने गेल्या हिवाळ्यात एका रविवारी यावल तालुक्यातील एका निर्जन केळीच्या बागेत गुप्त बैठक घेतली; उपस्थितांनी आपले मोबाइल एका ठिकाणी जमा केले होते; शेतमालकाने उपस्थितांची नावे सांगण्यास नकार दिला आहे.

तो परिच्छेद मी दोनदा वाचला. बाग माझ्या ओळखीची होती. रविवारही ओळखीचा होता. त्या बैठकीला मी होतो. भरीत खायला गेलो होतो.

मी पत्रक घेऊन संपादकांकडे गेलो आणि हे सांगितलं.

“म्हणजे तू आता बातमीत आहेस,” ते म्हणाले. “डेस्कवर नाहीस. हे पान दुसऱ्याला दे.”

“आणि बैठक नव्हती, जेवण होतं, हे कोण लिहिणार?”

“तुझ्या सांगण्यावरून? उद्या तुला बोलावतील तेव्हा त्यांना सांग. आपण पत्रक लावतो. ‘आरोप आहे’ असं घालून.”

ते बरोबर बोलत होते. मी त्यांच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं. बातमी चौथ्या पानावर लागली, ‘आरोप आहे’ असं घालून.

अटक झालेला माणूस माझा मित्र. पूर्वी तो याच डेस्कवर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचा. जिल्हा परिषदेच्या बातम्या करायचा. नोकरी सोडून तो शिरपूरला गेला आणि कॅमेरा घेऊन सातपुड्यातले पाडे फिरू लागला. वनजमिनीचे दावे, महिनोन्‌महिने मास्तर न आलेल्या शाळा, डोलीतून खाली आणलेल्या बाळंतिणी, असे त्याचे विषय होते. व्हिडिओ स्वतःच्या वाहिनीवर टाकायचा. वाहिनी म्हणजे एक खोली, एक दिवा आणि मागे लावलेला पडदा. बघणारे मोजके होते. आता कळतं आहे की त्यांत तपास यंत्रणाही होती.

भरिताचं जेवण ज्यांच्या मळ्यात झालं त्यांना आम्ही दोघं आबा म्हणतो. केळीचे जुने शेतकरी. वादळात बागा आडव्या झाल्या की आबा फोटो घेऊन आमच्या ऑफिसात यायचे, आणि बातमी लहान लागली की दुसऱ्या दिवशी भांडायलाही यायचे. त्यातून ओळख झाली. थंडी पडली, हिरवी मोठी वांगी बाजारात आली, की त्यांचा निरोप यायचा. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात काळी पडेपर्यंत भाजलेली वांगी, ती लाकडाच्या लांबट उखळात मुसळीनं ठेचायची, वर मिरची, लसूण, कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. केळीच्या पानावर पुरी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्या भागात हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी अशी जेवणं पंचवीस मळ्यांत चालू असतात.

आबांच्या मळ्यात एक नियम जास्तीचा होता. आल्याबरोबर मोबाइल विहिरीच्या मोटारीच्या खोलीत, केळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवायचा. त्याचं कारण असं की एका वर्षी कुणीतरी पंगतीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. ज्यांना बोलावणं नव्हतं त्यांनी तो पाहिला. आबांच्या चुलतभावानं पुढचं सबंध वर्ष त्यांच्या बांधावरून जाताना तोंड फिरवलं. तेव्हापासून क्रेट. जो मोबाइल बाहेर काढेल त्यानं भांडी घासायची. माझ्यावर ती वेळ एकदा आली आहे.

आता कागदावर ते असं दिसत होतं: बरेचसे मोबाइल एकाच ठिकाणी, तीन-चार तास, एकही कॉल न घेता पडून होते. पाड्यावरचे दोघं त्या दिवशी आले होते, ज्यांच्या जमिनीच्या दाव्यावर मित्रानं व्हिडिओ केला होता. त्यांना आबांकडून केळीचे कंद हवे होते. कंद घेऊन ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पत्रकात ते ‘संशयित’ होते.

मी पुढच्या सुट्टीला मळ्यात गेलो. आबा ठिबकच्या नळ्या गोळा करत होते.

“आबा, त्यांनी विचारलं तेव्हा नावं का नाही सांगितली?”

“कोनाची?”

“आमची. आम्ही काय चोरी केली होती?”

“चोरी नी केली म्हनूनच नी सांगितली. चोराचं नाव सांगतो मानूस. जेवनाऱ्याचं कशाले सांगीन?”

“त्यांना वाटलं तुम्ही लपवताय.”

“मंग लपवलंच. आपल्या घरी कोन जेवलं ते गावात सांगत फिरतं का कोनी? सांगितलं का जेवू घातलेलं मोजल्यासारखं होतं. माह्या बापानं नी सांगितलं कधी.” मग थोडं हसून, “मी त्या साहेबाले म्हनलं, तुमीबी बसा, वांगे हायत. तर तो म्हने, मले लाच देतो का म्हताऱ्या?”

ही रीत मला नवी नव्हती. माझ्या आईनंही कुणाच्या घरची पंगत सांगताना पदार्थ सांगितले, माणसं कधी सांगितली नाहीत. पंगतीला कोण होतं हे सांगितलं की कोण नव्हतं हेही आपोआप सांगितलं जातं. गावं या सावधगिरीवर चालतात. पण दोषारोपपत्रात या रीतीला रकाना नसतो. तिथं आबांचं वाक्य असं उतरलं: ‘साक्षीदाराने हेतुपुरस्सर माहिती दडवली.’

मित्राचं वकीलपत्र धुळ्याच्या एका वकीलबाईंनी घेतलं. त्यांनी मला आणि मित्राच्या बायकोला समोर बसवून सोप्या भाषेत समजावलं. या कायद्यात आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालय जामीन देत नाही, आणि खटला कधी उभा राहील ते कुणी सांगू शकत नाही. जुने व्हिडिओ आणि पुस्तकं यांच्यावर वाद घालता येईल. खरा अडथळा ती बैठक होती. ते जेवण होतं असं तिथं असलेल्या माणसांनी शपथेवर सांगितलं, तर जामिनाची वाट मोकळी होण्याची शक्यता होती.

“वांग्यांना साक्षीदार लागताहेत,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या. “वकिलीत हे पहिल्यांदाच.”

मी माझं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी दिलं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचे मला चेहरेच आठवत होते; नावं वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, आठवून आठवून काढली. त्या स्वतः त्या रविवारी आल्या नव्हत्या. नवरा घरी येऊन सांगायचा तेवढंच त्यांना माहीत. त्या शिरपूरला बालवाडीत शिकवतात. सुट्टीच्या दिवशी बसनं एकेकाच्या घरी जायच्या. धुळे, एरंडोल, जळगाव, पुन्हा शिरपूर. एका फेरीत मी त्यांच्याबरोबर होतो.

एरंडोलला एक खतविक्रेता आहे. त्या रविवारी सगळ्यात जास्त पुऱ्या त्यानं खाल्ल्या होत्या आणि त्यावरून त्याची थट्टाही झाली होती. दुकानात त्यानं आम्हाला चहा दिला. मग म्हणाला, “वहिनी, माझं ऐका. मी त्या रविवारी पद्मालयला होतो. गणपतीला.”

वहिनींनी कप खाली ठेवला. “मंग गनपतीले साक्षीले बलावू का?”

तो माझ्याकडे वळला. “भाऊ, तुम्ही समजून घ्या. खताचा परवाना आहे. दरवर्षी नवा करावा लागतो.”

“पुऱ्यास्ले नही लागना परवाना,” वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

बसस्टँडवर त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “बठ्ठा खादात आनि बठ्ठा भुली ग्यात.”

तसं खाल्लेलं कुणी विसरलं नव्हतं. प्राध्यापकाला आठवत होतं, पण त्याची बढती अडली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला आठवत होतं, पण त्यानं वरिष्ठांची परवानगी मागितली आणि ती आली नाही. कुणी घरी नव्हतं. एकाच्या बायकोनं दार अर्धवट उघडून सांगितलं की ते वांगं खातच नाहीत, त्यांना सोसत नाही. मी माझ्या कामात अशी उत्तरं वर्षानुवर्षं घेत आलो आहे, त्यामुळे मला राग आला नाही. थकवा आला. एकाच बातमीसाठी पुन्हा पुन्हा त्याच दारात जावं लागतं तसा.

पावसाळा गेला. सत्र न्यायालयात अर्ज फेटाळला गेला. फेटाळताना ‘शेतमालकाने आजतागायत नावे उघड केलेली नाहीत’ हे वाक्य होतं. वकीलबाईंनी आता वरच्या न्यायालयात अर्ज करायचा ठरवला आणि त्या स्वतः मळ्यावर गेल्या. मी बरोबर होतो.

“आबा, मित्रांची यादी आरोपीच्या बाजूची ठरते; यजमान म्हणून तुम्ही नावं सांगितलीत की मी कोर्टाला त्या माणसांना समन्स काढायला लावू शकते. तुमच्या एका शब्दानं सुटका होईल त्याची.”

आबा विळ्यानं केळीचं सुकं पान कापत राहिले. त्यांना मित्राची काळजी नव्हती असं नाही. आदल्या महिन्यात तुरुंगात भेटायला ते एकटे बसनं गेले होते आणि नात्यातले नाहीत म्हणून परत पाठवले गेले होते.

“ताई, मले नी सांगता येनार,” शेवटी ते म्हणाले. “उद्या कोर्टात त्याले विचारलं अन् तो म्हनला मी नव्हतो, तं माह्या पानावरचा मानूस खोटा पडला. माह्यामुळं पडला. ते मले नी होनार.”

“मग त्याला आत ठेवायचं?”

“नी.” ते उठून उभे राहिले. “वांगे आता येतीनच बाजारात. मी पुन्हा जाळ करतो. मागं जे आले होते त्याइले निरोप धाडतो. ज्याले यायचं तो यीन. तुमी तुमचा कागद घेऊन बसा. ज्याचं नाव त्यानं सांगायचं.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या अनुभवात हे बसत नव्हतं, माझ्याही नाही. पण दुसरा मार्ग कुणाकडेच नव्हता.

निरोप आबांनी स्वतः दिले. फोनवर नाही, माणूस पाठवून. कुणाला दिले ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही.

त्या रविवारी मी सकाळीच पोचलो. जाळ पेटला होता. वकीलबाईंनी मोटारीच्या खोलीत टेबल लावलं होतं. बरोबर नोटरी होते, त्यांच्यासमोर शिक्क्याची पेटी. शेजारी केळीचा क्रेट ठेवलेला. मी सवयीनं मोबाइल त्यात टाकला, मग पत्रक आठवलं, आणि काढून खिशात घेतला. आबांनी ते पाहिलं.

“ठेव,” ते म्हणाले. “नियम बदलला नी.”

मी ठेवला.

आंब्याखाली पानं मांडली होती. दोन ओळींत, गेल्या वेळी होती तितकीच. आबांनी नावं सांगितली नव्हती, पण पानं त्यांना पाठ होती. वारा होता, म्हणून प्रत्येक पानाच्या टोकावर एकेक खडा ठेवला होता. आम्ही बांधाकडे बघत थांबलो. वहिनी शिरपूरहून आल्या होत्या; त्या उखळापाशी बसून वांगी सोलत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

आधी शाळेतला शिक्षक आला. मोटारसायकल लांब लावून पायी आला. परवानगी आली का असं मी विचारलं, तर म्हणाला, “रविवारी मी माझा आहे.” मग पाड्यावरचे दोघं आले. त्यांनी येताना मोहाच्या पानात बांधून काहीतरी आणलं होतं, ते त्यांनी आबांच्या सुनेकडे दिलं आणि विचारण्याआधीच टेबलाकडे गेले. त्यांच्याकडे गमवायला सगळ्यांत जास्त होतं. तपास यंत्रणेच्या कागदावर ते आधीच होते. वकीलबाईंनी त्यांना दोनदा समजावलं की सही केली तर पुन्हा चौकशी होऊ शकते. त्यांतला मोठा म्हणाला, “चौकशी चालूच आहे बाई. आज जेवण तरी आहे.”

दुपार झाली. आणखी एक जण आला, यावलचा रोपवाटिकेवाला. प्राध्यापक आला नाही. खतविक्रेता आला नाही, पण त्यानं कुणाच्या तरी हाती तेलाचा डबा पाठवला. वहिनींनी डब्याकडे बघितलं.

“हाऊ साक्षी देस का?”

आबा म्हणाले, “घे पोरी. तेलाचा काय दोष.”

पंगत बसली. बहुतेक पानं रिकामी होती. आबांनी तरीही सगळ्यांवर वाढलं, ओळीनं, पुरी, भरीत, मिरचीचा ठेचा. मांडलेलं पान वाढल्याशिवाय उचलायचं नसतं असं त्यांचं म्हणणं. वकीलबाई माझ्या समोर बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना माणूस नसलेलं अन्न. त्यांनी पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं, आणि त्या म्हणाल्या, “गुप्त बैठकीत हे देत असतील तर मीही सदस्य होते.” शिक्षक जोरात हसला. बाकीच्यांना हसायला थोडा वेळ लागला. उरलेली पानं संध्याकाळी शेजारच्या बागेत घड कापायला आलेल्या मजुरांनी खाल्ली.

अर्ज वरच्या न्यायालयात गेला. तारखा पडत गेल्या. एकदा सरकारी वकील नव्हते, एकदा वेळ संपली, एकदा खंडपीठ बदललं. बातमीदार म्हणून मी अशा तारखा एका ओळीत लिहीत आलो आहे. वहिनी प्रत्येक तारखेला जायच्या आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी बालवाडीत गाणी म्हणायच्या. शेवटी सुनावणी झाली तेव्हा सरकारी वकिलांनी पुन्हा तेच मांडलं, की शेतमालक अजूनही नावं सांगत नाही. वकीलबाईंनी उत्तर दिलं, “ज्यांना सांगायची होती त्यांनी आपापली सांगितली आहेत. सांगणाऱ्यांत सरकार ज्यांना संशयित म्हणतं तेही आहेत.” न्यायालयाने प्रतिज्ञापत्रं वाचली. आबांच्या प्रतिज्ञापत्रात एवढंच होतं की त्या दिवशी माझ्या मळ्यात जेवण होतं, वांगी माझी होती, जाळ मी केला, मोबाइल ठेवायचा नियम माझा आहे.

जामीन मिळाला.

आदेश हातात आला तेव्हा मी अटी वाचल्या. हे माझ्या सवयीचं काम. धुळे जिल्हा सोडायचा नाही. समाजमाध्यमांवर काही टाकायचं नाही. आणि खटला संपेपर्यंत कोणत्याही साक्षीदाराशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही. मी ती अट वकीलबाईंना दाखवली.

“म्हणजे आम्ही?”

“तुम्ही, आबा, शिक्षक, पाड्यावरचे दोघं, सगळे. प्रतिज्ञापत्र दिलंत ना.”

“आणि खतविक्रेता?”

त्यांनी चष्मा काढला. “तो साक्षीदार नाही. तो जाऊन भेटू शकतो.”

तो गेला. पेढे घेऊन, शिरपूरला, पहिल्याच आठवड्यात. वहिनींनी ते फोनवर मला नाही, वकीलबाईंना सांगितलं, आणि वकीलबाईंनी मला सांगावं की नाही याचा विचार करून सांगितलं. मित्रानं त्याला बसवून घेतलं म्हणे, आणि पद्मालयच्या गणपतीची विचारपूस केली.

पुढच्या थंडीत आबांचा फोन आला. “त्याले डबा धाडला तं चालीन का? तुह्या वहिनीच्या हातून?”

मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अप्रत्यक्ष म्हणजे हेच. नको.

त्यानंतर आमची आणि त्याची गाठ पडली ती धुळ्याला, तारखेच्या दिवशी. आबांना साक्षीसाठी बोलावलं होतं, मी त्यांना घेऊन गेलो. साक्ष त्या दिवशी होणार नाही हे दुपारपर्यंत कळलं. आवारात एक कडुलिंब आहे, त्याला पार बांधलेला. मित्र पाराच्या एका टोकाला बसला होता. वजन कमी झालेलं, केस पांढरे, हातात चहाचा कागदी कप. आम्हाला पाहून त्यानं मान हलवली नाही. आम्हीही हलवली नाही. पलीकडे एक हवालदार उभा होता, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

आबा पाराच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि पिशवीतून डबा काढला. झाकण उघडल्याबरोबर भाजलेल्या वांग्याचा आणि लसणाचा वास आला. त्यांनी भाकरी मोडली, घास तोंडाशी नेला, थांबले.

“वारा कोनीकून हाय रे?” त्यांनी मला विचारलं.

मी बघितलं. झाडाची वाळकी पानं आमच्याकडे उडत येत होती. “त्याच्याकडून आपल्याकडे.”

आबा उठले. डबा हातात धरून पारामागून वळसा घालून मित्राच्या पलीकडे, चांगले दहा-बारा हात लांब, भिंतीच्या सावलीत जाऊन बसले, त्याच्याकडे पाठ करून. मी त्यांच्यामागे गेलो. त्यांनी डब्याचं झाकण उघडंच ठेवलं आणि सावकाश जेवायला सुरुवात केली.

मित्रानं कप खाली ठेवलेला मला दिसला. त्यानं मान वर केली नाही. पण तो तिथून उठलाही नाही, आमचं जेवण होईपर्यंत.

चारच्या सुमारास पुकारा झाला. पुढची तारीख मिळाली. आबांनी ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली आणि विचारलं, तेव्हा बाजारात वांगी असतील का. मी म्हणालो, नसतील, हंगाम संपलेला असेल.